विश्लेषण : गडकरींच्या इंधन-स्वावलंबनात मायलेज कुठे बसते?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांच्या भाषणात एक आकडा हमखास येतो. देश दरवर्षी २२ लाख कोटी रुपयांचे इंधन बाहेरून आणतो. हा पैसा आखातात जाण्याऐवजी इथल्या शेतकऱ्याच्या घरात गेला पाहिजे. कार्यक्रम साखर कारखानदारांचा असो, वाहन उत्पादकांचा असो की नागपुरातला, मांडणी तीच असते. शेतकऱ्याने अन्नदाता राहून भागणार नाही, त्याने ऊर्जादाताही व्हावे.

एकच गोष्ट इतक्या चिकाटीने सांगणारे नेते आपल्याकडे फार नाहीत. इथेनॉल हा शब्द साखर कारखान्याच्या आवारातून पेट्रोल पंपापर्यंत आणण्यात गडकरींचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण वीस टक्के इथेनॉलचे, म्हणजे ई-२० पेट्रोल सगळीकडे मिळू लागल्यापासून गाडीवाल्यांचा प्रश्न वेगळाच आहे : तेवढ्याच पैशात गाडी कमी का पळते?

इंधन देशातले असणे आणि इंधन कमी लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गडकरी पहिलीवर भरभरून बोलतात, दुसरीवर क्वचित. ई-२० मध्ये तर या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात आणि त्याचा भार गाडीवाल्यावर पडतो, तोही त्याला नीट न सांगता.

गडकरींची भूमिका नेमकी काय?

आयात इंधनाला देशी पर्याय शोधायचा, हे तिचे सूत्र. पर्याय मात्र सतत वाढत गेले. इथेनॉल, सीएनजी, एलएनजी, जैवइंधन, वीज, हायड्रोजन. मार्च २०२२ मध्ये ते हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराई गाडीतून संसदेत गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी इथेनॉलवर धावू शकणाऱ्या इनोव्हा हायक्रॉसचा नमुना सादर केला. जुलै २०२४ मध्ये पुण्यात बजाजच्या सीएनजी मोटरसायकलचे अनावरण त्यांच्याच हस्ते झाले.

अधूनमधून गणित हवेतही जाते. जुलै २०२३ मध्ये राजस्थानातील प्रतापगडच्या सभेत त्यांनी सांगितले की, ६० टक्के इथेनॉल आणि ४० टक्के वीज अशी सरासरी धरली तर पेट्रोल १५ रुपये लिटरने पडेल. हा दर कोणत्या पंपावर मिळणार, हे कोणी विचारले नाही. तेल कंपन्यांना इथेनॉल सरासरी किती रुपयांना पडते, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५ मध्ये जाहीर केले : वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१ रुपये ३२ पैसे.

इथेनॉल मिश्रणाचा कार्यक्रम कागदोपत्री पेट्रोलियम मंत्रालयाचा आहे, हेही लक्षात ठेवायला हवे. गडकरी त्याचे मालक नाहीत, पण त्याचा सर्वांत मोठा आवाज तेच आहेत. म्हणून टीकाही त्यांच्यावरच होते. २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर ई-२० विरोधात वादळ उठले, तेव्हा ही आपल्याविरुद्ध पैसे देऊन चालवलेली मोहीम आहे, असे ते म्हणाले. त्यांच्या मुलांच्या कंपन्यांचे इथेनॉलमध्ये हितसंबंध असल्याचा आरोप काँग्रेसने केला, तो त्यांनी फेटाळला. आरोप-प्रत्यारोपांच्या या धुरळ्यात मूळ प्रश्न मागे पडला. तो आहे मायलेजचा.

मायलेज खरोखर घटते का?

घटते. यात अफवा काही नाही, रसायनशास्त्र आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलच्या लिटरपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असतो आणि त्यासाठी खास बनवलेले इंजिन ही तूट थोडीफार भरून काढते. पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या तशा बनलेल्या नाहीत.

हे सरकारला आधीच माहीत होते. जून २०२१ मध्ये निती आयोग आणि पेट्रोलियम मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने इथेनॉल मिश्रणाचा आराखडा प्रसिद्ध केला. ई-२० वापरल्यास जुन्या बांधणीच्या चारचाकींचे मायलेज सहा ते सात टक्के आणि दुचाकींचे तीन ते चार टक्के घटेल, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. नव्या, ई-२० साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांमध्ये घट एक ते दोन टक्के. याच आराखड्यात आणखी एक शिफारस होती : या इंधनातली ऊर्जा कमी असल्याने त्याची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावी.

ती शिफारस अमलात आली नाही. ई-२० आले, भाव तोच राहिला. महागडे प्रीमियम पेट्रोल सोडले तर ग्राहकाला निवडही उरली नाही. विरोध वाढल्यावर मंत्रालयाने खुलासा केला की मायलेज ‘प्रचंड’ घटत नाही. नव्या गाड्यांत एक-दोन टक्के, इतरांत तीन ते सहा टक्के. पुढे असेही सांगितले की इथेनॉलच आता पेट्रोलपेक्षा महाग पडते, मग स्वस्त विकणार कसे?

हिशेब करून पाहू. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी, लिटरला १८ किलोमीटर देणारी जुनी गाडी घ्या. मायलेज पाच टक्के घटले तर महिन्याला साधारण तीन लिटर जास्त लागतात. शंभर रुपये लिटर धरले तरी तीनशे रुपये. ज्याच्याकडे नवी मोठी गाडी आहे, त्याला हे जाणवणारही नाही. पण दुचाकीवरून दिवसभर पार्सल पोहोचवणारा मुलगा किंवा जुन्या गाडीवर भाड्याच्या फेऱ्या मारणारा चालक यांच्यासाठी ही रक्कम छोटी नाही. नवी ई-२० गाडी परवडत नाही त्यानेच जास्त पेट्रोल भरायचे, असा हा उलटा हिशेब आहे.

वीस टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती?

वीस टक्के इथेनॉल मिसळले म्हणजे वीस टक्के पेट्रोल वाचले, असा सर्वसाधारण समज आहे. भाषणातून तोच पोहोचतो. पण शंभर लिटर मिश्रणातल्या वीस लिटर इथेनॉलमध्ये जेवढी ऊर्जा असते, ती तेरा-साडेतेरा लिटर पेट्रोलएवढीच. गाडीला तेवढेच अंतर तोडायला जास्त मिश्रण लागते. त्यामुळे प्रत्यक्ष बचत कमी होते.

आता ती बचत एकूण आयातीसमोर ठेवून पाहा. वीस टक्के मिश्रणामुळे वर्षाला सुमारे ४३,००० कोटी रुपयांचे परकीय चलन वाचेल आणि शेतकऱ्यांना ४०,००० कोटी रुपये मिळतील, असा सरकारचा २०२५ चा अंदाज आहे. रक्कम मोठीच आहे. पण गडकरींच्याच २२ लाख कोटींशी ताडली तर दोन टक्क्यांच्या आसपास भरते. दुसरीकडे, कच्च्या तेलासाठीचे आपले परावलंबित्व २०१४-१५ मध्ये सुमारे ७८ टक्के होते, ते २०२४-२५ मध्ये ८८ टक्क्यांवर गेले. मार्च २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेल आयात २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. झाले उलटे. देशातले जुने तेलसाठे आटत गेले आणि वापर वाढत गेला. इथेनॉलने ही वाढ थोडी रोखली असेल, पण दिशा बदलली नाही.

मका कुठून आला?

उसापासून इथेनॉल ही आपल्या ओळखीची गोष्ट. अतिरिक्त साखरेचे काय करायचे, हा प्रश्न कारखान्यांना वर्षानुवर्षे छळत होता. त्यावर इथेनॉल हे चांगले उत्तर ठरले आणि उसाची थकीत बिले मार्गी लागण्यास त्याने मदत केली. हे श्रेय गडकरींना द्यायलाच हवे.

अडचण पाण्याची आहे. निती आयोगाच्या त्याच आराखड्याप्रमाणे उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. ज्या मराठवाड्यात ती गाडी गेली, तिथे ऊसही होता आणि कारखानेही. पाऊस ओढ देतो तेव्हा हा सगळा डोलारा हलतो. २०२३ मध्ये मान्सून कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली आणि डिसेंबरमध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल केली, पुढच्या वर्षी उठवली. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून इथेनॉलचे प्रकल्प उभारले, त्यांची त्या हंगामात काय गत झाली, हे कोल्हापूर-सोलापूरकडच्या कोणत्याही संचालकाला विचारा.

मग मका आला. मक्याच्या इथेनॉलला चांगला दर दिला गेला आणि बघता बघता मका हा इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल झाला. मक्याचा भाव क्विंटलला बाराशे रुपयांवरून २,६००-२,८०० पर्यंत गेला, असे गडकरी अभिमानाने सांगतात. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळाले तर कोणाला वाईट वाटणार? पण मका कोंबड्यांच्या खाद्यातही लागतो आणि पोल्ट्रीवाले त्याच भावाने रडकुंडीला आले. मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये निव्वळ आयातदार झाला. म्यानमार आणि युक्रेनमधून मका आला. तेलाची आयात कमी करण्यासाठी धान्य आयात करायचे, याला स्वावलंबन म्हणायचे का? पुढच्याच वर्षी चाक उलटे फिरले. २०२५ च्या खरिपानंतर कर्नाटकात मका २,४०० रुपयांच्या हमीभावाखाली गेला आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. ऊर्जादाता झाल्याने बाजारातली अनिश्चितता संपत नाही, हे त्या शेतकऱ्याला कोणत्याही मंत्र्यापेक्षा चांगले कळले असेल.

ब्राझीलचे उदाहरण अर्धेच का सांगतात?

गडकरी वारंवार ब्राझीलचा दाखला देतात. ब्राझीलने १९७५ पासून, तेलाचा पहिला धक्का बसल्यावर, इथेनॉलची कास धरली. २०२५ च्या ऑगस्टपासून तिथल्या पेट्रोलमध्ये तीस टक्के इथेनॉल आहे. दाखला चुकीचा नाही, अपुरा आहे.

ब्राझीलमधल्या बहुतेक मोटारी कोणत्याही प्रमाणातले मिश्रण चालवू शकतात. पंपावर मिश्रित पेट्रोल आणि निव्वळ इथेनॉल अशा दोन्हींचे दर शेजारी-शेजारी लिहिलेले असतात. तिथल्या चालकाला एक साधा हिशेब पाठ आहे : इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच ते भरायचे, कारण लिटरमागे गाडी तेवढीच कमी पळते. म्हणजे मायलेजची घट तिथे कोणी लपवत नाही, ती किमतीत धरलेली असते. शिवाय तिथला बराचसा ऊस पावसावर वाढतो. आपल्याकडचा कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावर.

भारतात ई-२० नंतर २७ टक्के मिश्रणाची चर्चा सुरू आहे. ब्राझीलकडून काही उचलायचेच असेल, तर टक्केवारीच्या आधी पंपावरचा तो दुसरा दर उचलावा.

गडकरींनी सादर केलेली इनोव्हा या बाबतीत बोलकी आहे. ती इथेनॉलवर चालते आणि हायब्रिडही आहे. बॅटरी आणि मोटर इंजिनाला हातभार लावतात, म्हणून इथेनॉलने घटणारे मायलेज भरून निघते. थोडक्यात, देशी इंधन परवडायचे असेल तर गाडी आधी काटकसरी हवी, हे त्या नमुन्यानेच दाखवले. फक्त अशी गाडी सामान्य खरेदीदाराच्या आवाक्याबाहेर आहे.

डिझेलचे काय?

इथेनॉलच्या गदारोळात डिझेल सुटते. देशात वर्षाला सुमारे चार कोटी टन पेट्रोल लागते आणि नऊ कोटी टनांहून जास्त डिझेल. ट्रक, बस, ट्रॅक्टर सगळे त्यावर. तेलाचे बिल खरे फुगते ते इथे. गडकरींना हे माहीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये डिझेल गाड्यांवर दहा टक्के जादा जीएसटी लावण्याचा प्रस्ताव देईन, असे ते म्हणाले. वाहन कंपन्यांचे शेअर पडले आणि त्याच दिवशी असा प्रस्ताव सध्या विचाराधीन नसल्याचा खुलासाही आला. एलएनजीचे ट्रक, डिझेलमध्ये आयसोब्युटेनॉल असे प्रयोग त्यांच्या बोलण्यात येतात, पण तेही पुन्हा ‘दुसरे इंधन’ याच वळणाचे.

डिझेल कमी जाळण्याचा रस्ता मात्र गडकरींनीच कधीकाळी सर्वांत सोप्या भाषेत सांगितला होता. २०१४ ते २०१९ या काळात जहाजबांधणी खातेही त्यांच्याकडे असताना ते म्हणत, मालवाहतूक रस्त्याने केली तर दीड रुपया लागतो, रेल्वेने एक रुपया आणि पाण्याने वीस-तीस पैसे. नोव्हेंबर २०१८ मध्ये कोलकात्याहून गंगेतून कंटेनर वाराणसीच्या नव्या टर्मिनलला पोहोचले, तो याच विचाराचा प्रयोग होता. ऊर्जा कार्यक्षमतेवरचे त्यांचे हे सर्वांत दमदार विधान. खाते गेले आणि तो आकडा त्यांच्या भाषणांतून मागे पडला. त्याची जागा २२ लाख कोटींनी आणि महामार्गांच्या किलोमीटरनी घेतली.

कमी जाळण्याच्या बाजूला जमा काय?

काहीच नाही असे म्हणणे अन्याय ठरेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला. टोलनाक्यावर इंजिन चालू ठेवून ताटकळणे कमी झाले आणि त्यातून वर्षाला २०,००० कोटी रुपयांचे इंधन वाचेल, असे तेव्हा गडकरींनीच सांगितले होते. हा त्यांचा अंदाज होता, मोजणी नव्हे. तरी तो इथेनॉलच्या ४३,००० कोटींच्या जवळपास निम्मा आहे आणि त्यासाठी एक कांडे ऊसही लागला नाही. २०१८ मध्ये ट्रकच्या एक्सलवरील भाराची मर्यादा वाढवली. तेवढ्याच मालाला फेऱ्या कमी लागतात, हाही इंधन बचतीचाच निर्णय.

त्याच २०१८ मध्ये मंत्रालयाने द्रुतगती मार्गांवर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर केली. पुढे ती १४० व्हावी, असेही गडकरी म्हणाले. वेगावरच्या वादात अपघातांचा मुद्दा येतो, इंधनाचा येत नाही. ८० ऐवजी १२० ने गाडी पळवली तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो आणि टाकी त्या मानाने रिकामी होते. समृद्धी महामार्गावर नागपूर-मुंबई केलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशभर वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आणली होती, ती केवळ तेलासाठी. आपल्याकडे असा निर्णय कोणी घ्यावा, असे सुचवण्यात अर्थ नाही. पण तेलाच्या आयातीवर इतके बोलणाऱ्या मंत्र्याच्या तोंडी वेग आणि इंधन यांचे नाते एकदाही ठळकपणे येऊ नये, हे खटकते.

खरे हत्यार दुसरेच आहे. गाड्यांच्या इंधन वापरावरचे निकष. मोटारींसाठी ते २०१७ पासून आहेत, २०२२ मध्ये कडक झाले, तिसरा टप्पा २०२७ पासून प्रस्तावित आहे. छोट्या गाड्यांना त्यात सवलत द्यायची की नाही, यावर कंपन्यांत जुंपली आहे. निकष ठरवतो ऊर्जा मंत्रालयाखालचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, पण गाड्यांची तपासणी आणि नियमांची अंमलबजावणी गडकरींच्या खात्याकडे येते. जड वाहनांसाठीचे निकष २०१७ मध्ये जाहीर झाले आणि ठरलेल्या मुदतीत लागू झालेच नाहीत. नऊ कोटी टन डिझेलचा प्रश्न जिथे सुटू शकतो, नेमका तिथेच उशीर.

कार्यक्षमतेला राजकीय आकर्षण कमी, असे कारण दिले जाते. ते पूर्ण खरे नाही. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. सरकारने घाऊक खरेदी केली, तेव्हा तीनशे रुपयांवरचा बल्ब चाळिशीच्या आसपास आला. महावितरणच्या ग्राहकांनीही ते घेतले. बिलात फरक दिसला, म्हणून लोकांनी ते आनंदाने लावले. त्यासाठी कोणाला देशभक्तीचे आवाहन करावे लागले नाही.

विजेच्या गाड्यांतही असेच काही होऊ शकते. पेट्रोल इंजिनात इंधनातली बहुतांश ऊर्जा उष्णतेत वाया जाते, विजेच्या मोटरीत फार थोडी. इथे कमी जाळणे आणि देशी इंधन या दोन्ही गोष्टी एकत्र साधतात. अर्थात बॅटरी आणि चुंबकांसाठी चीनवर अवलंबून राहावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर निर्बंध आणले, तेव्हा आपल्या वाहन कंपन्यांची धावपळ उडाली. नागपुरात १३५ आसनी विजेची बस आणण्याची गडकरींची कल्पना त्यामुळे हायड्रोजनच्या गाडीपेक्षा जास्त कामाची वाटते. एका बसमागे कितीतरी दुचाक्या घरी राहतात.

तूर्त निर्णय व्हायचे आहेत ते तीन. मिश्रण वीस टक्क्यांच्या पुढे न्यायचे तर किंमत किती कमी ठेवायची, जुन्या गाड्यांसाठी पंपावर दहा टक्क्यांचे पेट्रोल ठेवायचे की नाही आणि २०२७ चे निकष किती कडक करायचे. पहिले दोन पेट्रोलियम मंत्रालयाचे, तिसरा ऊर्जा मंत्रालयाचा. तिन्हींवर मंत्रिमंडळात सर्वांत जास्त ऐकला जाईल असा आवाज गडकरींचा आहे. वाहन कंपन्यांना पर्यायी इंधनाकडे वळा, नाहीतर मी बुलडोझर चालवीन, असे त्यांनी २०१७ मध्ये त्यांच्याच संमेलनात सुनावले होते. पुढच्या संमेलनात मायलेजच्या निकषांवर ते तितक्याच ठणकावून बोलतात का, हे पाहावे लागेल.